उद्याच्या सॉफ्टवेअरसाठी आज मशीन घ्यावं का?

या सदराला आलेल्या एका पत्राचा, नाव-गाव वगळून, सारांश असा : पत्र पाठवणाऱ्या ताई नोकरी सांभाळून दीर्घिका आणि तेजोमेघांचे फोटो काढतात. कॅमेरा २६ मेगापिक्सेलचा, रंगीत. एकेका लक्ष्याचे एक-एक मिनिटाचे सुमारे पाचशे सब्स (सुटे एक्सपोजर) घेतात. लॅपटॉप २०१६ चा आहे : चार कोअर, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि सगळा डेटा बाहेरून जोडलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर. स्टॅकिंग (सगळे सब्स जुळवून एक फोटो करणं) रात्री लावलं तर सकाळपर्यंत चालतं. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) काढणारं एआय टूल लावलं की बराच वेळ नुसतं बघत बसावं लागतं. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, 'यापुढे सगळं ग्राफिक्स कार्डवर चालणार, आत्ताच मिळेल तेवढं मोठं घे.' दुसरा म्हणतो, 'थांब, दोन वर्षांत सगळं क्लाउडवर जाईल.' पैसे साठवलेले आहेत, पण ते एकदाच खर्च करता येणार आहेत. ताई विचारतात, 'पुढची सात-आठ वर्षं पुरेल असं मशीन कोणतं घेऊ? आणि एआय एका क्लिकमध्ये सगळं करणार असेल, तर मास्क (फोटोचा ठरावीक भाग झाकून काम करणं) आणि डीकॉन्व्होल्यूशन (गणिताने धूसरपणा कमी करणं) शिकण्यात घातलेली वर्षं वाया गेली का?'

ताई, आधी मशीनचं बोलू. दुसरा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा आहे, त्याला घाईत उत्तर द्यायचं नाही.

'पुढची सात-आठ वर्षं' हे शब्द मला अडतात. २०१८ मध्ये कोणी याच हिशेबाने मशीन घेतलं असतं, तर त्याने काय घेतलं असतं? भरपूर कोअरचा प्रोसेसर आणि भरपूर रॅम. ग्राफिक्स कार्डकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं, कारण आपल्या छंदातल्या सॉफ्टवेअरला तेव्हा त्याचा फारसा उपयोगच नव्हता. मग डिसेंबर २०२२ मध्ये ब्लरएक्सटर्मिनेटर हे धूसरपणा काढणारं एआय टूल आलं आणि बघता बघता लोकांच्या यादीत ग्राफिक्स कार्ड पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. अंदाज बांधणारे लोक हुशारच होते. फक्त बदल कुठल्या दाराने येणार हे कुणालाच दिसत नव्हतं. आजही दिसत नाही. म्हणून 'उद्या काय लागेल' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आज तुमचा वेळ नक्की कुठे जातो ते बघू. त्याचं उत्तर तरी मोजता येतं.

तुमच्या पत्रात दिलेल्या आकड्यांवरूनच हिशेब मांडला. २६ मेगापिक्सेलची एक कच्ची फाइल, पिक्सेलला दोन बाइट धरून, साधारण ५२ एमबीची. अशा पाचशे म्हणजे २६ जीबी. हे ठीक आहे. पण स्टॅकिंग सुरू झालं की सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्यावर नव्या फाइली लिहितं. डार्क आणि फ्लॅट (कॅमेरा आणि दुर्बिणीचे दोष वजा करणाऱ्या फ्रेम्स) लावून झालेली फ्रेम ३२ बिट फ्लोटमध्ये लिहिली तर ती दुप्पट होते, म्हणजे एकूण ५२ जीबी. डीबेयर केलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरवा-निळा तिन्ही रंग दिले, की एका रंगाचे तीन होतात आणि प्रत्येक फ्रेम ३१३ एमबीवर जाते. पाचशेंचे १५६ जीबी. मग ताऱ्यांवरून जुळवलेल्या फ्रेम्स, पुन्हा तेवढ्याच. सगळं मिळून ३९० जीबी. हे सगळं एकदा लिहायचं आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा वाचायचं, म्हणजे जवळजवळ ७८० जीबीची ये-जा. फिरत्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १५० एमबी धरला, तोही उदारपणे, तरी निव्वळ वाहतुकीलाच दीड तास जातो. शिवाय एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी चालू असलं की डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावत राहतं आणि वेग याच्या कितीतरी खाली येतो. तुमची रात्र कुठे जाते त्याचा मोठा हिस्सा इथे सापडेल, असा माझा अंदाज आहे.

अंदाजच आहे, म्हणून तुम्ही स्वतः तपासा. पन्नास सब्स घ्या, नेहमीसारखं स्टॅकिंग लावा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर वीस-पंचवीसवर रेंगाळत असेल, तर दोष डिस्कचा. प्रोसेसरचे सगळे कोअर शंभरला टेकलेले असतील, तर प्रोसेसर खरंच कमी पडतोय. रॅम काठोकाठ भरून डिस्क खडखडायला लागली, तर रॅम. एखाद्या टप्प्यात एक आणि पुढच्यात दुसरं असंही होईल, तेव्हा टप्पा आणि वेळ लिहून ठेवा. मग लॅपटॉपच्या आत एसएसडी असेल तर त्याच पन्नास फाइली तिच्यावर आणून पुन्हा चालवा. या दोन आकड्यांमधला फरक तुम्हाला कुठल्याही मित्रापेक्षा नेमका सल्ला देईल.

हे इतकं ताणून सांगायचं कारण आहे. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये दाखवून दिलं होतं, की कामाचा जो भाग वेगवान होत नाही, तोच शेवटी एकूण वेग ठरवतो. तुमच्या रात्रीतला चाळीस टक्के वेळ डिस्कची वाट बघण्यात जात असेल, तर जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर घेतला तरी काम अडीच पटींपलीकडे वेगवान होणार नाही. आठ पदरी रस्ता बांधला आणि शेवटी टोलनाका एकच ठेवला, तर गाड्या नाक्यावरच उभ्या राहणार.

डिस्कच दोषी निघाली, तर पहिला खर्च चांगल्या एनव्हीएमई (जलद प्रकारच्या) एसएसडीचा, आणि कामाच्या फाइली त्यावर. सेकंदाला ३००० एमबी टिकला तर ७८० जीबीची ती ये-जा साडेचार मिनिटांत आटोपते. 'टिकला तर' हे मुद्दाम म्हटलं. स्वस्त एसएसडीमध्ये थोडी जलद कॅश असते, ती भरली की लिहिण्याचा वेग धाडकन पडतो, आणि आपलं काम नेमकं ती कॅश भरेल इतकं लांबलचक असतं. म्हणून डब्यावरचा सर्वोच्च वेग सोडा, सलग शेकडो जीबी लिहिताना काय होतं ते सांगणारं परीक्षण शोधा. लॅपटॉपमध्ये तसा स्लॉट नसेल तर साधी साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची) एसएसडीही सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते. हार्ड डिस्कनंतर तोही मोठा सुटकारा आहे. पिक्सइनसाइट हे खगोल-छायाचित्रांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचे स्वॅप फोल्डरही (तात्पुरत्या फाइलींची जागा) एसएसडीवर हलवा. अनडू करताना तो जो विचार करत बसतो, तो तिथेच बसतो.

एक पैसाही न घालता हे ओझं कमी करता येतं, आणि याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. एकेक मिनिटाचे पाचशे सब्स का? तीन मिनिटांचे १६७ घेतले तर एकूण प्रकाश तेवढाच जमा होतो आणि डेटा एक तृतीयांश होतो. सब्स छोटे ठेवण्याची सवय कॅमेऱ्यांनीच लावली. जुन्या सीसीडी सेन्सरांच्या काळात रीड नॉइज (प्रत्येक फ्रेम वाचताना कॅमेरा स्वतः घालतो तो नॉइज) जास्त होता, म्हणून दहा-वीस मिनिटांचे सब्स घ्यावे लागत. आताच्या सीमॉस सेन्सरांचा रीड नॉइज इतका कमी आहे, की उजळ आकाशाखाली एक मिनिटही पुरतो. पुरतो म्हणजे तेवढाच घ्यायला हवा असं मात्र नाही. आकाशाच्या पार्श्वभूमीचा नॉइज रीड नॉइजला झाकून टाकतोय, ठळक तारे जळून नुसते पांढरे होत नाहीत आणि माउंट (दुर्बीण फिरवणारा स्टँड) ताऱ्यांच्या मागोमाग नीट फिरतोय, इतकं जमत असेल तर लांब सब्स घ्या. वाऱ्याने किंवा विमानाने एखादा सब वाया गेला तर नुकसान तिप्पट, ही त्याची किंमत आहे. मला ती परवडणारी वाटते. नॅरोबँड (प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टाच जाऊ देणारा) फिल्टर लावता तेव्हा तर लांब सब्स हवेतच.

ड्रिझलचंही, म्हणजे स्टॅक करताना फ्रेम्स जास्त बारीक पिक्सेलांच्या मोठ्या चित्रात उतरवण्याचंही, तसंच. ही पद्धत फ्रुक्टर आणि हुक या खगोलशास्त्रज्ञांनी हबल दुर्बिणीच्या डीप फील्ड या फोटोसाठी काढली, कारण तिथे तारे पिक्सेलच्या मानाने फार बारीक पडत होते. तुमचे तारे आधीच तीन-चार पिक्सेल रुंद असतील, तर दुप्पट ड्रिझलने नवा तपशील जवळजवळ काही मिळत नाही. मिळते ती १०४ मेगापिक्सेलची, प्रत्येक कॉपीला सव्वा जीबी खाणारी फाइल. त्यावर दोन-तीन मास्क, एक ताऱ्यांविना कॉपी, एक फक्त ताऱ्यांची, आणि मग '१६ जीबी पुरत नाही' अशी तक्रार. रॅम ३२ करता आली तर जरूर करा, पण त्याआधी ड्रिझलवरची ती खूण काढून बघा.

आता ग्राफिक्स कार्ड. तुमच्या मित्राचं म्हणणं चूक नाही, अर्धं आहे. तारे काढणं, नॉइज काढणं, धूसरपणा कमी करणं ही न्यूरल नेटवर्कवरची टूल्स ग्राफिक्स कार्डवर मिनिटांचं काम सेकंदांत करतात, हे खरं. पण ही टूल्स तुम्ही एका फोटोवर किती वेळा चालवता? नीट विचार केला तर दोन-चार वेळा. बाकीच्या फेऱ्या सेटिंग चाचपडण्यात जातात, आणि ते चाचपडणं फोटोच्या एका छोट्या तुकड्यावर करता येतं. दीर्घिकेचा गाभा आणि शेजारचं काळं आकाश येईल असा हजार पिक्सेलचा चौकोन कापा, त्यावर ठरवा, मग पूर्ण फोटोवर एकदाच चालवा आणि उठून हातपाय मोकळे करा.

तरीही कार्ड घ्यायचं ठरलंच, तर सर्वात वरचं नको. ही टूल्स फोटो काही शे पिक्सेलच्या चौकोनांत तोडून एकेक करून प्रक्रिया करतात, त्यामुळे कार्डावरची प्रचंड मेमरी इथे बहुधा रिकामी बसते. मधल्या दर्जाचं, आठ जीबीच्या आसपासचं कार्ड आपल्या कामाला भरपूर झालं. मेमरीपेक्षा महत्त्वाचं हे, की तुम्ही वापरता ते टूल त्या कार्डाशी बोलतं का. विंडोज आणि लिनक्सवर बरीचशी वाट अजून एनव्हीडियाच्या कूडा या प्रणालीमधून जाते, विंडोजवर काही टूल्स डायरेक्टएमएल या सोयीमुळे इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात, आणि अ‍ॅपलच्या नव्या चिपवर कोअरएमएलची सोय आहे. आधी टूलचं पान वाचा, मग कार्ड निवडा. उलट क्रमाने गेलेल्या लोकांची गाऱ्हाणी या सदराकडे नेहमी येतात.

'स्टॅकिंगसुद्धा लवकरच ग्राफिक्स कार्डवर येणार' हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. येईल, आलं पाहिजे, जुळवणं आणि वाईट पिक्सेल वगळणं ही कामं त्याला साजेशीच आहेत. पण तेव्हाही ते शेकडो जीबी डिस्कवरूनच कार्डापर्यंत पोहोचायचे आहेत. आणि न आलेल्या सोयीसाठी आज पैसे मोजू नयेत, हे मी कॅमेऱ्यांबद्दलही म्हणेन आणि सॉफ्टवेअरबद्दलही.

क्लाउडवाल्या मित्राला एक गणित घाला. २६ जीबी, सेकंदाला २० मेगाबिट वेगाने वर चढवायचे, तर जवळजवळ तीन तास. त्यातून पुढे अमुक महिन्यांनी ती सेवा बंद पडली तर तुमच्या प्रक्रियेच्या पायऱ्या कुठे राहणार? स्टॅक झालेली एकच ३१३ एमबीची फाइल पाठवून काही करून घेणं सोपं आहे, तेवढं होईलही. पण त्याची वाट बघत दोन वर्षं जुन्या हार्ड डिस्कचा आवाज ऐकत बसायची गरज नाही.

सॉफ्टवेअर कुठे चाललंय याबद्दल जे आज दिसतंच आहे, तेवढं सांगते. एक वाट बाहेरच्या संदर्भ-डेटाची आहे, आणि माझ्या मते एआयइतका गाजावाजा नसला तरी तीच जास्त टिकाऊ आहे. जून २०२२ मध्ये ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या गाया या अवकाश मोहिमेचा तिसरा डेटासंच आला, त्यात सुमारे २२ कोटी ताऱ्यांचे वर्णपट होते. आता पिक्सइनसाइट आणि सिरिल (त्याच कामाचं फुकट सॉफ्टवेअर) दोन्ही तुमच्या फोटोतल्या ताऱ्यांचे रंग त्यांच्याशी ताडून रंगसंतुलन करतात. पूर्वी 'मला हा रंग बरा वाटतो' यावर भागायचं, आता मोजलेला ताळा मिळतो. पिक्सइनसाइटच्या मार्स प्रकल्पाने हीच कल्पना ग्रेडियंटला (फोटोत एका बाजूने चढत जाणाऱ्या उजेडाला) लावली : आकाशाचा संदर्भ-नकाशा घेऊन दिव्यांचा उजेड वेगळा काढायचा. या सगळ्याला अवाढव्य प्रोसेसर लागत नाही, डिस्कवर अनेक जीबींचे कॅटलॉग ठेवायला जागा लागते. दुसरी वाट स्क्रिप्टची. सिरिलच्या १.४ आवृत्तीत पायथन आलं, त्यामुळे हौशी लोकांनी लिहिलेली छोटी छोटी टूल्स वाढत राहतील, बहुतेक फुकट. तिसरी, स्मार्ट दुर्बिणींची. सीस्टार एस५० सारखी दुर्बीण आपल्या पोटातल्या छोट्या प्रोसेसरवर फ्रेम येईल तशी स्टॅक करते. म्हणजे 'पुढचं सॉफ्टवेअर म्हणजे जास्त जड सॉफ्टवेअर' हे गृहीत धरायचं कारण नाही. काही जड होईल, काही हलकं.

एका बाबतीत मात्र तुमच्या लॅपटॉपचं वय खरंच आड येईल. काही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) सूचना असाव्यात अशी अट घालू लागल्या आहेत. इंटेलच्या कोअर मालिकेत त्या २०१३ पासून आहेत, त्यामुळे तुमचा २०१६ चा कोअर प्रोसेसर तिथे पास होईल. त्या काळचा पेंटियम किंवा सेलेरॉन असेल तर नाही होणार, तेवढं बघा. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २०१६ चे प्रोसेसर नाहीत. लिनक्सची भीती नसेल तर सिरिल आणि पिक्सइनसाइट दोन्ही तिथे चालतात. भीती असेल, तर नवं मशीन घेण्याचं हे ग्राफिक्स कार्डपेक्षा सयुक्तिक कारण आहे.

आणि घ्याल तेव्हा डेस्कटॉप घ्या. आठ-बारा कोअरचा मधल्या फळीतला प्रोसेसर, ३२ जीबी रॅम दोन स्लॉटमध्ये आणि शक्य तर दोन स्लॉट रिकामे, एनव्हीएमईला दोन जागा, आणि पुढे कार्ड बसवता येईल असा दमदार पॉवर सप्लाय. कार्ड पहिल्या दिवशी नसलं तरी चालेल. उरलेले पैसे ठेवून द्या. 'एकदाच खर्च करता येतील' हा नियम तुम्हीच घातलाय, तो दोन हप्त्यांत मोडायला काय हरकत आहे? ज्यांचा कॅमेरा ६१ मेगापिक्सेलचा आहे त्यांनी वरचे डिस्कचे आकडे सव्वादोनपट करावेत आणि रॅम ६४ घ्यावी. ग्रहांचे व्हिडिओ घेणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्ड विसरून डिस्क आणि प्रोसेसर बघावा. सीस्टारवाल्यांना बहुधा आहे तोच लॅपटॉप पुरेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न.

डीकॉन्व्होल्यूशन शिकलात म्हणजे काय शिकलात? रिचर्डसनने १९७२ मध्ये आणि लुसीने १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत. १९९० मध्ये हबलचा आरसा सदोष निघाला तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत अशाच पद्धतींनी त्या दुर्बिणीचे फोटो सावरले. ती चालवताना तुम्ही ताऱ्याचा आकार मोजलात, तो मधोमध आणि कोपऱ्यात वेगळा का ते पाहिलंत, फेऱ्या जास्त झाल्या की ताऱ्याभोवती काळी कडी येते हे डोळ्यांत साठवलंत. एआय टूल ते बटण तुमच्याऐवजी दाबतं. ती काळी कडी ओळखायचं काम अजून तुमच्याकडेच आहे, फक्त आता ती कडीच्या रूपात येत नाही. ती 'वा, किती तपशील!' या रूपात येते, म्हणून ओळखायला जास्त अवघड.

त्यासाठी एक चाचणी सांगते. तुमचे सब्स दोन अर्ध्यांत वाटा, एक सोडून एक, म्हणजे दोन्हींत सारखंच आकाश येईल. दोन्ही वेगळे स्टॅक करा, दोन्हींवर तेच टूल त्याच सेटिंगने चालवा आणि आलटून पालटून बघा. जो तंतू किंवा गाठ एका अर्ध्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, ती नॉइजमधून घडवलेली आहे. तिथे सेटिंग खाली आणा. दोन्हींत दिसली म्हणजे शंभर टक्के खरी असं नाही, नेटवर्कचे स्वतःचे ग्रह दोन्हीकडे सारखेच काम करतात. मग मोठ्या दुर्बिणीच्या फोटोशी ताडा. आणि ताऱ्यांची तेजस्विता मोजायची असेल, तर या टूल्समधून गेलेली फाइल वापरूच नका, डार्क-फ्लॅट लावलेले सब्स वापरा.

जानेवारी २०२३ मध्ये स्ट्रॉटनर, ड्रेक्स्लर आणि सेंटी यांच्या हौशी चमूने देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक भलीमोठी कमान जाहीर केली. जगातल्या बहुधा सर्वाधिक छायाचित्रित दीर्घिकेशेजारी ती इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती. ती सापडली ओ-तीन (ऑक्सिजनचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या) फिल्टरमधून घेतलेल्या खूप तासांच्या एक्सपोजरमुळे. इतका पसरट, इतका मंद उजेड एखाद्या उत्साही ग्रेडियंट-टूलने प्रदूषण समजून पुसला असता, आणि फोटो दिसायला अधिक स्वच्छ झाला असता. काय पुसायचं आणि काय राहू द्यायचं हे ठरवायला जी नजर लागते, ती तुम्ही मास्क काढत बसलात त्या वर्षांत तयार झाली.

यावरून मशीनपेक्षा निकडीची एक खरेदी सुचते : कच्चे सब्स ठेवायला दुसरी साधी डिस्क. पाचशे सब्सचे २६ जीबी आणि मास्टर डार्क-फ्लॅट ठेवा, मधल्या टप्प्यांचे साडेतीनशेहून अधिक जीबी निर्धास्त पुसा. फिट्स (खगोल-फोटोंच्या कच्च्या) फाइली माहितीची हानी न होता दाबून ठेवता येतात, सिरिलमध्येच ती सोय आहे. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. पाच वर्षांनी जे टूल येईल त्याला तुमचा आजचा जेपीईजी नको असेल, हेच सब्स हवे असतील.

डेस्कटॉप आलाच, तर जुना लॅपटॉप विकू नका. कॅमेरा, माउंट आणि गाइडिंग सांभाळणाऱ्या नीनासारख्या सॉफ्टवेअरला त्याचे चार कोअर आणि १६ जीबी रॅम बक्कळ आहे. विंडोजचा आधार संपल्यामुळे त्याला इंटरनेटपासून तोडा, आत एसएसडी नसेल तर एक छोटी घाला आणि फक्त कॅप्चरच्या कामाला ठेवा.